हत्तीच्या कोटाची गोष्ट

ती. ताईस,

उभ्याउभ्याच साष्टांग नमस्कार (वाकलो तर सरळ करायला दोन माणसं लागतात, घरात एकच आहे आणि तीही सध्या रागावलेली). तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली नुसती उशाशी ठेवतेस?

पत्रास कारण आमची नात. दर रविवारी लेकीच्या फोनवर दिसते, "आजोबा, कसे आहात?" एवढं विचारते आणि फोन उताणा टाकून खेळायला पळते. त्यांच्या घरचा पंखा मला तोंडपाठ झालाय. पोर आपल्याला विसरत चालली, या विचाराने जेवण गोड लागेना (जेवत होतो, पण गोड लागत नव्हतं). शेवटी जावयाने मला कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर घालून दिलं. जावयाची स्तुती मी सहसा करत नाही, पण आता इलाज नाही. पूर्वी म्हणे जपानात सायकलवर लाकडी पेटी बांधून गोष्टी सांगणारे फिरत. पेटीची दारं उघडायची, चित्र दाखवून गोष्ट सांगायची, मग ते ओढून सगळ्या चित्रांच्या मागे सरकवायचं, की पुढचं दिसतं. तेच आता पडद्यावर. ऐकणाऱ्याला चित्र दिसतं, सांगणाऱ्याला मजकूर. शिवाय चित्र अर्धंच ओढून थांबता येतं! सोंड दिसते, हत्ती दिसत नाही. हे ज्याला सुचलं त्याचे पाय धरावेत.

जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यामुळे चित्रं म्हणजे माझ्या हातचा मळ. तू लहानपणी सांगायचीस ती गोष्ट घेतली, हत्ती शिंप्याकडे कोट शिवायला टाकतो ती. घोटाळा झाला मजकुराचा. समोरच्या चित्राचा मजकूर या पेटीत त्याच्या स्वतःच्या पाठीवर लिहायचा नसतो. नुकतंच मागे गेलेल्या चित्राच्या पाठीवर लिहायचा असतो, कारण सांगणाऱ्याला तीच पाठ दिसते. जावयाने हे बजावलं होतं. पण बुटाचं चित्र आपल्या पाटीवर आणि अक्षरं शेजारच्या दुकानावर, असं कोणी करतं का? मी ज्याचा मजकूर त्याच्याच पाठीवर लिहिला.

रविवारी दारं उघडली. पडद्यावर शिंपी, आणि माझ्यासमोर शेवटच्या चित्राची कोरी पाठ (ती कोरी का, ते पुढे येईल). खाकरून वेळ काढला आणि चित्र सरकवलं. आता पडद्यावर भलामोठा हत्ती, आणि मी वाचतोय, "असा काटकुळा, की फुंकर मारली तर उडेल." पुढचं चित्र शिंप्याच्या बायकोचं (मला बायकोचा एकच चेहरा काढता येतो), आणि मजकूर, "कान सुपाएवढे, वजन तर विचारूच नका." तुझी भावजय मागेच उभी होती. अबोला तेव्हापासूनचा.

पण ताई, पोर हसून हसून लोळली. फोन दोन्ही हातांनी धरून बसली, पंखा एकदाही दिसला नाही. चूक सुधारतो म्हटलं, तर म्हणाली, "नको आजोबा, चुकीचीच सांगा." इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

तुझा धाकटा

ता. क. शेवटचं चित्र काढलेलंच नाही. हत्ती कोट न्यायला आल्यावर काय होतं? मला दर वेळी तिथेच झोप लागायची. पोरीला अर्ध्या ओढलेल्या चित्रावर थोपवून धरलंय.

ता. क. पुन्हा. शेवट लिहून पाठवू नकोस. दात काढल्यापासून तू फोनवर तोंड दाखवत नाहीस, ठाऊक आहे. पण पेटीत सांगणाऱ्याचं तोंड दिसतच नाही, फक्त आवाज जातो. रविवारी तू सांग, चित्रं मी ओढतो. "तुमची ताई अजून गोष्टी सांगते?" असं पोरीने विचारलं, आणि मी हो म्हणून बसलोय.