ऑर्विन मामांचा बिनकुलपाचा फोन

डुलुथ, ऑक्टोबरातला शनिवार

प्रिय ऑर्विन मामा,

तुमच्या भाचीचा, सोल्वेगचा, आदरपूर्वक नमस्कार. आधी तुमच्या डाव्या गुडघ्याची विचारपूस करते आणि मग तुमची, कारण तुम्ही स्वतःबद्दल "ठीक आहे" याच्यापलीकडे काही लिहीत नाही आणि गुडघ्याबद्दल निदान दोन ओळी लिहिता. सरपण फोडून झालं का? होडीचा लाकडी धक्का पाण्याबाहेर ओढायला या वर्षी कोणाला तरी बोलवा. (बोलावणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहिलं, कारण लिहिलं नाही तर रात्री मलाच वाटत राहील की लिहायला हवं होतं.) आम्ही दोघं बरे आहोत. विन्सला सर्दी आहे आणि तो ती त्याच्या न्यू जर्सीच्या पद्धतीने, म्हणजे सगळ्या घराला ऐकवत, सोसतो आहे.

पत्रासोबत एक खोकं आहे. ते आत्ताच उघडू नका. म्हणजे उघडलं असेल तर असू दे, पण आधी हे वाचा.

तुमच्या तळ्याकाठच्या केबिनपर्यंत फोनची तार कधी आली नाही आणि हवेतून येतो तो सिग्नल पलीकडच्या काठावरच्या कॅनडाच्या मनोऱ्याचा, हे तुम्हाला मी काय सांगणार. इतकी वर्षं त्याचं काही अडलं नाही. रविवारी चर्च सुटलं की तुम्ही मर्लच्या दुकानात जायचात, गळाला लावायच्या अळ्यांच्या फ्रीजवर टेकून त्याच्या फोनवरून कॅनडात थंडर बेला वर्ना मावशीशी बोलायचात. आता मर्लने दुकान विकलं, तो ॲरिझोनाला ऊन खायला गेला, आणि नव्या मालकाने फोनची तारच काढून टाकली. त्यामुळे तुम्हाला मोबाइल हवा, त्यात कॅनडाचं सिम कार्ड हवं (ते मावशीच्या ग्लेनने उन्हाळ्यातच पाकिटातून माझ्याकडे पाठवलं होतं), आणि ते कार्ड चालायला फोन असा हवा जो कुठल्याच कंपनीला बांधलेला नाही. त्याला अनलॉक्ड म्हणतात. बिनकुलपाचा. माझ्या सगळ्या फजितीचं मूळ या एका शब्दात आहे.

विन्सने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "अगं, दुकानात जा, ज्या खोक्यावर अनलॉक्ड लिहिलंय ते उचल, पूर्ण पैसे दे आणि घरी ये." इतकं सोपं काम मला कधी पटत नाही. मी आठवडाभर वाचत बसले, मतं जमवली, त्या मतांवरची मतं वाचली, आणि शेवटी मॉलमधल्या फोन कंपनीच्या दुकानात गेले, कारण ते लायब्ररीच्या वाटेवर आहे. तिथे काउंटरवर कोण, तर जॉयस एंगेब्रेट्सन. चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या वर्गात माझ्या शेजारी बसायची आणि माझ्याऐवजी उत्तरं पाठ करून यायची, तीच. मी म्हटलं, मामांसाठी अनलॉक्ड फोन हवा. जॉयस म्हणाली, "अगं, आमचे सगळे अनलॉकच असतात. पासवर्ड तू घालशील तेव्हाच पडणार." मला त्याच क्षणी कळलं की आपण दोन वेगवेगळ्या कुलपांबद्दल बोलतो आहोत. आता कोणी शहाणा माणूस काय करेल? म्हणेल, नाही जॉयस, तसं नव्हे. पण तिने तोवर खोकं उघडलं होतं, फोनवरची ती पातळ फिल्म सोलून काढली होती आणि मला विचारलं होतं की आई गेल्यावर मी कशी आहे. फिल्म सोलल्यानंतर माणसाला चूक दाखवून देणं माझ्याच्याने होत नाही. फोन फुकट होता. त्याच्याबरोबर एक टॅबलेटही फुकट होता. मी टॅबलेट नको म्हटलं, ती म्हणाली घे गं, मी म्हटलं खरंच नको, ती म्हणाली अगं घरी पडून राहील, आणि तिसऱ्यांदा तिने विचारल्यावर आपल्या रीतीप्रमाणे मला घ्यावाच लागला. निघताना तिने घरच्या रुबार्बच्या वड्याही दिल्या. त्यामुळे परत करण्याचा रस्ता कायमचा बंद झाला. वड्या खाऊन कोणी फोन परत करत नाही.

घरी येऊन ग्लेनचं कार्ड घातलं. फोनने सांगितलं, हे कार्ड मी ओळखत नाही. तो फुकटचा फोन आणि फुकटचा टॅबलेट आता दर महिन्याच्या बिलात भेटतात. टॅबलेटला टेकवून मी स्वयंपाकाचं पुस्तक उभं करते.

दुसरा फोन मी घरबसल्या मागवला, म्हणजे समोर माणूसच नको. यावेळी शब्द नीट तपासला होता. फोन खरोखर अनलॉक्ड होता, छान होता, हलका होता. फक्त त्याला कार्ड घालायची जागा दिसेना. मी चष्मा लावला, काढला, विन्सचा लावला. खालच्या कडेला एक बारीक भोक सापडलं. जुन्या फोनमध्ये असंच भोक असायचं, पेपरक्लिप सरळ करून खुपसली की कार्डाची पट्टी बाहेर यायची. मी खुपसली. आली नाही, म्हणून जरा जोरात खुपसली. विन्स सर्दीने बसलेल्या आवाजात विचारत होता, "तू पुस्तिका वाचलीस का?" मी, तो घरातच नसल्यासारखी, पुढे खुपसत राहिले. हे नवे फोन कार्ड घेतच नाहीत म्हणे, त्यांचं सगळं हवेतून भरतात. आणि ते भोक मायक्रोफोनचं असतं. आता त्या फोनवर पलीकडचं सगळं स्वच्छ ऐकू येतं, आपला आवाज मात्र कुठेच जात नाही. विन्स म्हणतो की नवऱ्यांसाठी बनवलेला असा फोन त्याने पहिल्यांदाच पाहिला. (त्या दिवशी मी त्याच्यावर चिडले. नंतर डायरी लिहिताना वाटलं, चिडायचं होतं कोणावर, तर ज्याने सांगितलेलं बरोबर निघालं त्याच्यावर का?)

मग मी जुन्या वस्तूंच्या जाहिराती पाहिल्या. क्लोके गावी टॉइवो हौताला म्हणून एक गृहस्थ आहेत, सत्तरीचे, त्यांचा फोन होता: अनलॉक्ड, कार्डाची खाच असलेला, क्वचित वापरलेला. शेतीसामानाच्या दुकानासमोर भेटायचं ठरलं. त्यांनी किंमत सांगितली. मी म्हटलं, एवढ्या चांगल्या फोनला हे कमीच आहे. ते म्हणाले, छे, जुना आहे, अजून कमी द्या. मी म्हटलं, तसं कसं, मी थोडे जास्तच देते. ते इतके खाली आले आणि मी इतकी वर गेले की मधून एक ट्रक निघाला असता. शेवटी त्यांनीच सुचवलं की आधी चालू तर करून पाहू. चालू केला, तर तो पासवर्ड मागायला लागला. फोन त्यांच्या बायकोचा होता, आयलीबाईंचा. त्या यंदा वसंतात वारल्या. पासवर्ड फक्त त्यांना ठाऊक होता. हौतालांनी कुत्र्याचं नाव घातलं, आधीच्या कुत्र्याचं घातलं, लग्नाची तारीख घातली, मग होडीचा नोंदणी क्रमांक घातला. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "हे नक्की असणार," आणि प्रत्येक वेळी थोडं हळू म्हणायचे. फोन शेवटी म्हणाला की आता तासाभराने या. मी पाहिलं की त्यांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं काहीतरी होतं. जाहिरात मुलीने टाकली होती, म्हणाले. मी म्हटलं, मग राहू द्या ना. ते म्हणाले, नाही नाही, तुम्ही एवढ्या लांबून आलात. मी म्हटलं, खरंच राहू द्या. तिसऱ्यांदा मी म्हटल्यावर त्यांनी फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि मला गाडीतून धुरावलेला मासा काढून दिला. मासा उत्तम होता. परत येताना सबंध रस्ता मला असं वाटत राहिलं की मी कोणाच्या तरी घरात न विचारता शिरून आले.

शेवटी मी टेकडीवरच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. विक्रेत्याने विचारलं, काही मदत हवी का. मी अर्थातच नको म्हटलं. तो बरं म्हणाला आणि निघून गेला. मी त्याची वाट पाहत धुलाईयंत्रांपाशी उभी राहिले. तो परत आलाच नाही, बाहेरगावचा असावा. मीच त्याला शोधून काढलं, ज्या खोक्यावर अनलॉक्ड लिहिलं होतं ते दाखवलं, खाच आहे का ते दोनदा विचारलं, पूर्ण पैसे दिले आणि घरी आले. विन्स नुसता शिंकला.

मामा, हे सगळं हसण्यासारखं आहे आणि मी तुम्हाला हसावं म्हणूनच लिहिलं. पण यात माझे पाच आठवडे गेले. पाच रविवार. दुकानात शिरून एक वाक्य धड बोलले असते तर पहिल्याच रविवारी तुमचा फोन लागला असता. गेल्या मंगळवारी मी वर्ना मावशीला फोन केला. तिला आता सगळं आठवत नाही, पण रविवार आठवतो. मला विचारते, "ऑर्विन गेला का गं? मला कोणी सांगत नाहीये." मी म्हटलं, "नाही मावशी, मर्ल गेला. म्हणजे ॲरिझोनाला गेला." ती मग म्हणाली, "म्हणजे रागावलाय." मी समजावलं, तार काढली, दुकान विकलं, सगळं. ती "हो का, हो का" म्हणत राहिली, आणि मला कळलं की तिचा विश्वास बसलेला नाही. तुम्ही कशावरून रागावलात असं तिला वाटतं ते खाली लिहिते. इथे लिहायचं धैर्य होत नाही.

थंडी वाढते आहे. लोकरीचे मोजे खोक्यात आहेत. विन्सचा नमस्कार. कळावे, लोभ आहेच, पण दोन ओळी गुडघ्याबद्दल आणि एक स्वतःबद्दल लिहा.

तुमची भाची,
सोल्वेग

ता. क. फोन मोज्यांच्या आत आहे. ग्लेनचं कार्ड घालून, चार्ज करून ठेवला आहे. पावती मी शेगडीत घातली, तेव्हा परत करा असं लिहू नका. खालच्या भोकात काहीही खुपसू नका.

ता. क. दुसरा. चार जुलैला तुमच्या धक्क्यावर मी विचारलं होतं, फोन आणू का. तुम्ही म्हणालात, उगाच कशाला. सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीला कॉफी ओतताना विचारलं. म्हणालात, मर्ल आहे ना. गाडीत विन्स म्हणाला, माणूस दोनदा नको म्हणतोय म्हणजे त्याला नको आहे, आता पुरे. आणि मी, जिला तुम्हीच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून शिकवलंत की पहिला नको शिष्टाचाराचा, दुसरा समोरच्याला त्रास नको म्हणून, आणि खरं उत्तर तिसऱ्याला मिळतं, ती मी ऐकून गप्प बसले. तेव्हाच पुन्हा विचारलं असतं तर मर्ल जाण्याआधी तुमच्या हातात फोन असता. तर आता हे तिसऱ्यांदा विचारते आहे. घ्या.

ता. क. शेवटचा. स्वतःच्या लग्नाच्या वर्षी मावशीने तुमची लाकडी होडी नेली होती, आठवतं? तिने ती दोनदा परत द्यायला काढली आणि तुम्ही दोनदा म्हणालात, असू दे, मला काय करायची. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही, कारण तेवढ्यात ग्लेन झाला आणि मग राहून गेलं. तिच्या मनात आहे की तुम्ही तेव्हापासून तिसऱ्यांदा विचारायची वाट बघताय. मी सांगितलं, असं काही नाही. माझं तिला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री नाही. उद्याचा सोडून पुढच्या रविवारी जेवणानंतर ती फोन करणार आहे. वाजला की हिरवा गोळा उजवीकडे सरकवायचा, दाबायचा नाही. ती होडीबद्दल विचारेल. काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. होडी अजून ग्लेनच्या गॅरेजात आहे, आणि विन्सने काल न सांगता आमच्या गाडीच्या टपाचं माप घेतलं आहे.