नावेत कोण बसलं होतं

रविवार, १४ सप्टेंबर, संध्याकाळी

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन चौदा महिने झाले आणि मी उत्तराला आज बसले आहे. त्याबद्दल आधी माफी मागते. मधल्या काळात वाढदिवसाचे फोन झाले. त्यांत तुझे गुडघे, तुझ्या लेकीची परीक्षा, हवापाणी सगळं बोलून झालं. पत्राचा विषय मात्र तूही काढला नाहीस आणि मीही. कामाचा व्याप होता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. पाणी तपासण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत व्याप असतो तो चार वाजेपर्यंत. बाटल्या धुऊन उपड्या घातल्या की मी मोकळी असते. खरं कारण म्हणजे तुझ्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ. ‘त्या सिनेमाचा शेवट मी खोटा सांगितला होता, त्याबद्दल बाबांनी मला कधी माफ केलं का गं?’ एवढंच विचारलं होतंस. मला उत्तर माहीत नव्हतं म्हणून लिहिलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. ती अर्धीच खरी आहे. उरलेलं अर्धं शेवटी लिहीन. आधी लिहिलं तर बाकीचं सांगायला तोंड राहणार नाही.

काल आणि आज आपल्या फिल्म सोसायटीने जुन्या बंगाली सिनेमांचा शनिवार-रविवार केला. दोन दिवसांत चार सिनेमे. जागा अजून तीच, वाचनालयाच्या वरचा हॉल, आणि खुर्च्याही त्याच लोखंडी घडीच्या, उठताना किंचाळणाऱ्या. रिळांचं मशीन मात्र गेलं. हल्ली सेक्रेटरी खिशातून अंगठ्याएवढी वस्तू काढतात आणि चारही सिनेमे तीत असतात. बाबांना हे पटत नाही. मशीनची टिकटिक चालू असली की आपण दुकानात बसलोय असं वाटायचं, म्हणतात. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला तसं वाटणारच. जिन्याच्या बावीस पायऱ्या ते मोजत चढतात. एकविसावीवर मी ‘आता एकच’ म्हटलं की चिडतात. ‘मी आंधळा आहे, अडाणी नाही,’ हे वाक्य मी या दोन दिवसांत चारदा ऐकलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तब्येत कशी आहे ते यावरून समज.

त्या हॉलमध्ये गेलं की मला दर वेळी तुझी पाठ आठवते. तुझा चेहरा नाही, पाठ. कारण तू बाबांच्या कानाशी वळून बसायचीस आणि मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला. काचबिंदूने त्यांची दृष्टी दोन वर्षांत गेली, दुकान बंद झालं आणि पुढच्याच वर्षी आई गेली. सोसायटीचं सभासदत्व रद्द करा, असं पत्र त्यांनी मला लिहायला सांगितलं होतं. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलंही. ते तू फाडलंस. सतरा वर्षांची होतीस. त्यांना हाताला धरून शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात नेऊन बसवलंस, पडद्यावर दिसेल ते कानात सांगत गेलीस आणि खालच्या इंग्रजी ओळींचं मराठीही करत गेलीस. पुढच्या रांगेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका दर पाच मिनिटांनी वळून ‘शूः’ करायच्या. आपण त्यांना शूःबाई नाव ठेवलं आणि ते बाबांनीच सगळ्या हॉलभर केलं.

तू नुसतं सांगायची नाहीस. ‘ती आत्ता हसली नाही बाबा, पण हसणार होती,’ असं तू एकदा म्हणालीस. मी पडद्याकडे निरखून पाहिलं होतं आणि मला तसं काहीच दिसलं नव्हतं. माझ्या मांडीवर सिनेमाची वही असायची. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची तारीख, गोष्ट, शेवट. तू मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचीस ते त्या वहीमुळेच. ती वही अजून आहे. कालच्या सिनेमासाठी तीस वर्षांपूर्वीचं पान उघडून पाहिलं. कारण काल दुपारी पहिला लागला तो तोच, पडदे रंगवणाऱ्याचा.

तुला सांगायला नकोच, पण मला लिहू दे. नाटक मंडळीचे पडदे रंगवणारा तो माणूस. बायको त्याच्यावर रागावून नदीपलीकडे माहेरी निघून जाते. तो निरोपावर निरोप पाठवतो आणि शेवटी काठावर येऊन उभा राहतो. धुक्यातून नाव येते. कोणी बोलत नाही, संगीत नाही, फक्त वल्ह्यांचा आवाज. आणि नाव जवळ येते तेव्हा तिच्यात नावाड्याशिवाय कोणी नसतं. वहीत चौदा वर्षांच्या मुलीच्या अक्षरात लिहिलंय, ‘ताईने बाबांना शेवट चुकीचा सांगितला. नाव रिकामी होती.’ रिकामी या शब्दाखाली दोन रेघा आहेत. तू काय सांगितलंस तेही शेजारीच लिहून ठेवलंय: ‘ती बसलीये बाबा नावेत. मांडीवर पेटी आहे. अजून रागातच आहे, म्हणून दुसरीकडे बघतेय. पण आलीये.’ बाबा घरी येईपर्यंत स्वतःशी हसत होते. आईला जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. हे वहीत नाही. हा हिशोब मी काल केला.

काल बाबांच्या शेजारी अर्थातच मी होते. तीस वर्षं मीच बसते. आणि कशी सांगते ते तुला ठाऊक आहे: बाई उठली, दाराकडे गेली, दार उघडलं, बाहेर कोणी नाही. नमुना क्रमांक अमुक, रंग नाही, वास नाही. काल आणखी एक श्रोता मिळाला. शूःबाई आता नव्वदीला टेकल्या आहेत, डोळ्यांची दोन ऑपरेशनं झाली आहेत. मी अर्ध्या तासात तिसऱ्यांदा आवाज खाली केला तेव्हा त्या मागे वळल्या. मी शूःसाठी तयार होते. त्या म्हणाल्या, ‘जरा मोठ्याने सांग गं, मला ती खालची अक्षरं लागत नाहीत.’ बाबा म्हणाले, ‘तीस वर्षांचं शूः आधी परत घ्या, मग मोठ्याने.’ तर शूःबाईंनी सरळ खुर्ची उचलली आणि आमच्या शेजारी आणून टाकली.

मग तो शेवट आला. मी म्हटलं, ‘नाव धुक्यातून येतेय. नावाडी उभा आहे.’ वल्ह्यांचा आवाज सुरू होता. मी म्हटलं, ‘नाव रिकामी आहे.’ बाबांनी माझ्याकडे कान आणखी वळवला आणि हळूच म्हणाले, ‘माहितीये मला. तिला बसव ना आत.’ मला कळेना. ते म्हणाले, ‘तुझी ताई बसवायची.’ ‘कोणाला बसवायचंय?’ शूःबाईंनी विचारलं. ताई, एक वाक्य म्हणायचं होतं गं. ती बसलीये, एवढंच. माझी जीभ उचलली नाही. दिवे लागले आणि खुर्च्या किंचाळायला लागल्या.

दोन सिनेमांच्या मधल्या सुट्टीत जिन्याच्या वरच्या चौकात चहा असतो. तिथे कठड्याला टेकून बाबांनी जे सांगितलं ते मी घरी आल्याबरोबर उतरवून काढलं, म्हणजे माझ्याकडून एक शब्दही इकडचा तिकडे व्हायला नको. तो सिनेमा त्यांनी आधीच पाहिला होता. डोळ्यांनी. लग्न होऊन वर्ष झालं असेल, आपण दोघीही नव्हतो, याच हॉलमध्ये, आईबरोबर. आईला तो शेवट मुळीच आवडला नाही. घरापर्यंत चालत येताना ती त्यांच्यावर धुसफुसत होती, जणू नाव त्यांनीच रिकामी पाठवली होती. ‘एवढं बसवून ठेवलं आणि बाईला आणायला जमलं नाही यांना,’ असं म्हणाली. ‘मी असते तर आले असते. तोंड फिरवून बसले असते, पण आले असते.’ बाबा म्हणाले, ‘वीस वर्षांनी तुझ्या ताईने माझ्या कानात अगदी तसंच सांगितलं. तोंड फिरवून बसलीये म्हणाली. तिला कोणी सांगितलं होतं? मी तर कधी बोललो नव्हतो.’ मग कप कठड्यावर चाचपून ठेवत म्हणाले, ‘त्या दिवशी मला वाटलं, तुझी आई येऊन बसून गेली.’

मी विचारलं, इतकी वर्षं हे बोलला का नाहीत? त्यांना प्रश्नच कळला नाही. बोलायचं काय त्यात, म्हणाले. त्यानंतर ताई यायची बंद झाली, तर मला वाटलं पोरगी मोठी झाली, कंटाळली असेल बापाला. पोरीला किती अडकवून ठेवायचं.

आज सकाळच्या सिनेमात मी थोडा प्रयत्न केला. एक म्हातारा तार उघडून वाचतो आणि घडी करून ठेवतो. मी सवयीने तेवढंच सांगितलं. मग म्हटलं, ‘घडी नीट घालतोय, म्हणजे पुन्हा वाचणार आहे.’ हे पडद्यावर दिसत नव्हतं. माझ्या मनचं होतं. चूक असेल. पण बाबांनी माझ्या मनगटावर दोनदा बोटं वाजवली. तुझ्या वेळी ते तसं करायचे. माझ्या वाट्याला ते पहिल्यांदा आलं, आणि त्यासाठी मी तुझी ऋणी आहे, कारण ती रीत तुझी. या दोन दिवसांत मला सारखं वाटत राहिलं की बाबांचे डोळे गेले तेव्हा त्यांना या जिन्यावर परत तू आणलंस. मी फक्त पुढे नेत राहिले. मला या घरात जे जे चांगलं आयतं मिळालं, त्यातलं बरंच तू आधी मांडून ठेवलेलं होतं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

आता उरलेलं अर्धं. त्या सिनेमानंतर आठवड्याने मी बाबांना सांगितलं की ताईने शेवट खोटा सांगितला, नाव रिकामी होती. ते ‘असं का’ म्हणाले आणि त्यांनी मला भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला सांगितलं. बस, एवढंच. पण मी तुझ्या खोलीत येऊन म्हटलं की बाबा फार दुखावलेत, आंधळ्याला फसवलं म्हणालेत आणि यापुढे इन्स्पेक्टरनेच शेजारी बसावं म्हणालेत. ताई, त्यातलं एक अक्षरही बाबा म्हणाले नव्हते. मला ती खुर्ची हवी होती. त्यांच्या कानाशी तू असायचीस आणि मी नुसती वही धरून असायचे, ते मला सहन होत नव्हतं. एवढ्या वर्षांच्या वह्यांत ही नोंद कुठेही नाही. मीच ती केली नाही. खोटं तू बोललीस असं तू इतकी वर्षं धरून चाललीस, आणि त्या घरातलं खरोखरचं खोटं माझं होतं. बाबांना मी हे आज जेवताना सांगितलं. त्यांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, ‘मला सांगून काय उपयोग? तिला लिही.’ म्हणून लिहिते आहे. तुझ्या त्या ओळीचं उत्तर असं की बाबांनी तुला माफ केलेलं नाही, कारण माफ करण्यासारखं त्यांना कधी काही दिसलंच नाही. माफी मागायची आहे ती मला, तुझी. लगेच देऊ नकोस. पण ये. सोसायटीची जुनी पद्धत तुला आठवत असेल, शेवटी सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याला जास्त मतं तो सिनेमा पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी पुन्हा दाखवायचा. बाबांनी आज दुपारी चहाच्या चौकात उघड प्रचार केला, शूःबाईंची चिठ्ठी तर लिहिलेली बदलायला लावली, आणि पडदे रंगवणारा दोन मतांनी जिंकला. मी आता वळून सांगायला बसणार नाही. बाबांना नावेत कोण आहे ते तुझ्याकडून ऐकायचं आहे. मलाही.

तुझीच,
इन्स्पेक्टर

उद्या: सेक्रेटरींना फोन करून शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्याच्या तीन खुर्च्या सांगून ठेवणे.