दिग्रसचं हवामान अन् मथुराबाईची गादी

दिग्रस, शनिवार, पाऊस चालू

जिवाचा दोस्त भगवानराव याले जफर पिंजाऱ्याचा सलाम अन् रामराम, दोन्ही घे. कोकिळावहिनीले अदबीनं नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं कसं आहे? तुझ्या खोकल्याचं विचारत नाही, कारण बिडी सोडली असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतं अन् त्याच पत्राले बिडीचा वास येत होता. इकडे आम्ही खुशाल आहो. मी मात्र बाजारातून तोंड लपवून चालून राह्यलो. काहून, ते सांगतो.

आठवड्यापासून इकडे झड लागली आहे. झडीत पिंजाऱ्याचं दुकान म्हणजे नुसतं बसणं. दमट कापूस पिंजला तर त्याचा लोंदा होते. रविवारी मी असाच बसलो होतो, तर तारिक आला (माझा साळा, अकीलाचा भाऊ, केबलवाला, ज्याच्या वरातीत तू घोड्याच्या मागं नाचून लाथ खाल्लती). त्याच्या केबलच्या चॅनलवर संध्याकाळी बातम्या सांगणारा सासुरवाडीले गेला अन् नाल्याले पूर आल्यानं तिकडेच अडकला. "भाईजान, आठवडाभर हवामान तेवढं सांगा. तुमच्यासारखा खणखणीत आवाज गावात नाही," म्हणे. आवाजाची तारीफ केली की माणूस बिघडते, भगवान.

पहिल्या दिवशी पेपरातलं वाचलं, विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस. सोमवारी सकाळी लोक दुकानात हजर. तुरळक ठिकाण म्हणजे बसस्टँडच्या इकडे का तिकडे? देवीलाल चहावाल्यानं तर विचारलं, आपल्या टपरीवर किती वाजता पडते. मग मी पेपर बाजूले ठेवला अन् आपल्या मनानं मोहल्ल्या-मोहल्ल्याचा अंदाज सांगू लागलो. मंगळवारी धो धो सांगतला, तर नेमकी त्याच दिवशी झड उघडली अन् लख्ख ऊन. लोक छत्र्या घेऊन घामाघूम झाले. बुधवारी रिमझिम म्हटलं, तर भाजीबाजारातून मेथीच्या जुड्या वाहत गेल्या. तरी लोक पाहून राह्यले, कारण पेपरवाल्याले जाब विचारता येत नाही, जफर बाजारात सापडते.

बुधवारी दुपारी मथुराबाईनं मले रस्त्यात उभं केलं (शाळेत आपल्याले पाणी पाजणारी मथुराबाई, आता एकटीच राहते, कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या मागं). छत गळून तिची एकुलती एक गादी दमट झाली होती.

"जफर, तू पाऊस सांगतला म्हणून म्या मंगळवारी गादी बाहेर नाही काढली. ऊन वाया गेलं. उद्या एक दिवस ऊन दे न रे बापा. कंबर धरली माझी."

जसं काही ऊन माझ्या गल्ल्यात ठेवलं होतं. पेपरात गुरुवारसाठी मुसळधार छापलं होतं, मी सोता वाचलं होतं. पण कॅमेऱ्यासमोर बसलो तर म्हातारीचं तोंड दिसू लागलं, अन् माझ्या तोंडून निघून गेलं: उद्या कडक ऊन, गाद्या खुशाल बाहेर काढा. साऱ्या गावातून एकट्या मथुराबाईनं विश्वास ठेवला. अकरा वाजता तिनं गादी अंगणातल्या खाटेवर टाकली, बारा वाजता आभाळ फाटलं. देवीलाल अन् दोघं धावले, पण गादी उचलून ओसरीत आणेपर्यंत ती बुडालेल्या म्हशीवाणी झालती.

देवीलालनं दुकानात येऊन हे सांगतलं. मर्द माणूस किती वेळ बसून राहीन? आपल्या पोरीच्या, अलफियाच्या लग्नासाठी शिवून ठेवलेली गुलाबी फुलांची नवी गादी काढली अन् मथुराबाईच्या घरी नेऊन अंथरली. (अकीलानं भांडी जोरात आपटली. तू ओळखतोस तिले, त्यातच समज.) म्हातारी म्हणे, "तू काय ढगाचा मालक आहे? ऊन मलेच पाह्यजे होतं, म्हणून तुझं खरं वाटलं." संध्याकाळी चॅनलवर हात जोडले अन् अंदाज कायमचा सोडला.

वहिनीची काळजी घे. पत्राचं उत्तर टाक, पण बिडी विझवून.

तुझाच,
जफर

ता. क. – खरी गोष्ट राहूनच गेली. अलफियाचा निकाह दिवाळीनंतर आहे अन् गादी नाही. भाव नाही म्हणून तुझ्या घरात गेल्या सालचा कापूस पडून आहे, वहिनीले पाय ठेवाले जागा नाही असं तूच लिहिलं होतं. त्यातला एका गादीपुरता पाठव. सरकी मी इथं काढून घेईन. फुकट मात्र पाठवू नको, लेकीचं काम आहे.

ता. क. दुसरा – भगवानकाका, मी अलफिया. अब्बांनी पत्र पेटीत टाकायला दिलं, ते अम्मीनं आधी माझ्याकडून वाचून घेतलं. गादी अब्बांनी नाही नेली. मी आणि अम्मीनं हातगाडीवर ताडपत्री टाकून नेली. अब्बा तेव्हा रजयांच्या ढिगामागे लपले होते. देवीलालकाकांनी चहा तिथेच सरकवला. मथुराआजी ते ढगाचं बोलली, ते अम्मीजवळ. अब्बा शुक्रवारी गेले, आणि भिजलेली गादी उसवून घेऊन आले. आता तो कापूस आमच्या चुलीभोवती, कपाटावर, कुराणाचं कपाट सोडून सगळीकडे वाळतोय. आजीला तीही गादी परत द्यायची म्हणतात, आणि माझी मागायची नाही म्हणतात. मला चालेल. अम्मीचा निरोप असा, की कापूस पाठवू नका, काकूंना घेऊन तुम्हीच या. तुम्ही दिग्रस सोडून मुकुटबनला राहायला गेल्यापासून अब्बा दोघांचे पत्ते वाटून एकटेच खेळतात, आणि तुमच्या वाटच्या पत्त्यांशीही भांडतात.