लिनक्स आणि सासूबाईंची गाणी

२ ऑक्टोबर २०२५, दसरा
बारा दिवसांनी विंडोज टेनचे अपडेट बंद होणार. अख्खं श्रीवर्धन झोपलंय, जागा मी एकटा. बाहेरून जोडायची नवीन हार्ड डिस्क आणली. तिच्यावर विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, लिनक्स, टाकणार. विंडोज आतल्या डिस्कवर तसंच राहील, म्हणजे धोका शून्य. पूजेत डिस्कला कुंकू लावलं. प्रमोदिनीने विचारलं, झेपेल ना? बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला बायकोने हे विचारावं!

५ ऑक्टोबर
कॉम्प्युटर क्लासवाल्या गणराजला भेटलो. माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, सर, डिस्कवर पट्टी चिकटवून नाव लिहा. ह्याला मी सातवीत ग्रेस देऊन पास केला होता.
आमच्याकडे असल्या वस्तू खाऱ्या हवेपासून वाचवायला तांदळाच्या डब्यात ठेवतात. डब्यात माझी डिस्क आणि प्रमोदिनीची जुनी, दोन्ही काळ्या, एकाच कंपनीच्या. पण माझ्या डिस्कवर कुंकू आहे. पट्टी कशाला?
तिच्या डिस्कवर सासूबाईंची मंगळागौरीची गाणी आहेत. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. तीन उन्हाळे मुरूडला माहेरी जाऊन हिने तेवीस गाणी रेकॉर्ड केली. दिवाळीला मुलगी, मधुवंती, येईल तेव्हा टीव्हीवर लावणार. सरप्राइज.

८ ऑक्टोबर, दु. ३.१०
कुंकवाची डिस्क जोडली. सिस्टीमने दोनदा विचारलं, सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का? दोनदा हो. खात्री नसलेली माणसं वेगळी.
४.२५. लिनक्स आलं! आवाज येत नाही. किरकोळ.

९ ऑक्टोबर
डब्यातली दुसरी डिस्क सहज जोडून बघितली. कोरी करकरीत. म्हणजे माझी ही, काल पुसली ती हिची.
माझं कुंकू कोरडं होतं, तांदळात झडून गेलं. प्रमोदिनीने दसऱ्याला स्वतःच्याही डिस्कला लावलं होतं, तेलात कालवून. हे मला सांगायला नको?
संध्याकाळी. चूक तिची नाही, हे इथे लिहून ठेवतो. पण तिला आत्ता सांगणं बरं नाही, बीपीचा प्रश्न आहे. बीपी मला आहे, पण तिलाही होऊ शकतं.

१० ऑक्टोबर
डिस्क गणराजकडे नेली. म्हणाला, वर नवी सिस्टीम बसलीय, अर्धंमुर्धं काही मिळालं तर नशीब. काही मिळालं नाही. त्याने पट्टीचा विषय काढला नाही, तेच जास्त लागलं. डिस्क गुपचूप डब्यात परत.
नवा प्लॅन: गाणी पुन्हा रेकॉर्ड करायची. एका दिवसात. कुणाला पत्ता लागणार नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
माणगावला जातो सांगून निघालो. एसटीने दिघी, फेरीने आगरदांडा, पुढे रिक्षाने मुरूड. सासूबाईंना सांगितलं, मागच्या वेळी आवाज नीट आला नव्हता. बिचाऱ्या लगेच पदर सावरून बसल्या. तेवीसपैकी नऊ आठवली. दहाव्याची पहिली ओळ म्हणून थांबल्या. पुढचं काही केल्या येईना. मग म्हणाल्या, प्रमोदिनीकडे आहे ना सगळं, मग झालं तर. मला मान वर करवेना.
निघताना मोबाइलकडे बघून म्हणाल्या, आमचे जावई सरळ हो, चुकलं की तोंडावर सांगतात. तेही रेकॉर्ड झालं. डिलीट करायला हात धजेना.
घरी सांगितलं, माणगावला फार गर्दी होती.

१४ ऑक्टोबर
विंडोज टेनचे अपडेट बंद झाले. काहीही बिघडलं नाही. उद्या प्रमोदिनीला नक्की सांगायचं.

१५ ऑक्टोबर
उद्या.

१७ ऑक्टोबर
सांगणारच होतो. तिने चकल्या तळायला घेतल्या. उकळत्या तेलाजवळ असलं बोलू नये. रात्री झोप नाही.

१९ ऑक्टोबर
मधुवंती काल आली. आज जेवणं झाल्यावर प्रमोदिनी डिस्क घेऊन टीव्हीकडे निघाली. मी वाटेत उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. कुंकू, तांदूळ, मुरूड, नऊ गाणी. चौदा गाणी माझ्यामुळे कायमची गेली, असं म्हणालो. मधुवंतीसमोर रडू फुटलं. लाज वाटली, पण थांबेना.
प्रमोदिनी खाली बसली. डोळे पुसले. म्हणाली, आईचा गेल्या रविवारीच फोन आला, तुम्ही परतीच्या फेरीत बसायच्या आत. तेव्हाच डिस्क लावून बघितली. रडायचं ते तेव्हाच रडून झालं. आज डिस्क मुद्दाम काढली, तुम्ही बोलावं म्हणून. त्या रविवारपासून रोज जेवताना विचारत होते, काही सांगायचंय का.
खरं आहे, विचारत होती. मी रोज सांगत होतो, आमटीत मीठ कमी आहे.