पायांपासून सुरुवात

प्रिय खडूस,

माझा फोन उचलायचा नाही अशी तू शपथच घेतली आहेस, म्हणून हे पत्र. पाकीट फोडलंस म्हणजे अर्धी लढाई मी जिंकले. तर ऐक, मी पास झाले! लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाची तज्ज्ञ डॉक्टर! आई रडली, बाबांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची दारं ठोठावून सांगितलं. आणि मला मात्र तुझा राग येत राहिला. एकत्रच शिकायला लागलो होतो आपण. आपल्या वॉर्डातलं ते मूल दगावलं आणि तू शिक्षण अर्धवट टाकून निघून गेलीस. मग ही बातमी मी हक्काने सांगायची कुणाला?

प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्या वाट्याला दीड वर्षाची एक मुलगी आली. तापाने मलूल, पण मॉनिटरवरचा रक्तदाब अगदी झकास. परीक्षक आकड्यांकडे बघत होते. मी पांघरूण सारलं आणि आधी तिचे पाय हातात घेतले. आठवतं ना, ही बाई पेशंटच्या पाया पडल्याशिवाय कामाला लागत नाही, असं सगळे तुला चिडवायचे? तिची बोटं गार, घोटे गार, गारवा थेट गुडघ्यापर्यंत चढलेला. मी सांगून टाकलं, आकड्यांवर जाऊ नका, पायांपर्यंत रक्त पोचत नाहीये, हिचं शरीर कसंबसं तग धरून आहे, सलाइन आत्ताच सुरू करायला हवं. एका परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. पण मी माघार घेतली नाही आणि सलाइन लागलं. संध्याकाळी वॉर्डात डोकावले, तर पाय छान उबदार झालेले. तपासायला वाकले तर कार्टीने माझ्या नाकावर लाथ हाणली आणि आईकडे झेपावली. इतकी गोड लाथ मी जन्मात खाल्ली नव्हती.

निकालानंतर आपल्या विभागप्रमुख मॅडमनी विचारलं, पायांपासून सुरुवात करायला कुणी शिकवलं? मी तुझं नाव घेतलं. त्या दगावलेल्या मुलाच्या वेळीही तू हेच सांगत होतीस, पाय गार पडताहेत म्हणून. आकडे चांगले आहेत, थोडं थांबू या, असं मॅडमच म्हणाल्या होत्या. तरी सगळं खापर तू स्वतःच्याच डोक्यावर फोडून घेतलंस. मी कितीदा समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

काल मॅडमनी अख्खा विभाग गोळा केला. सिस्टर, वॉर्डबॉय, झाडून सगळे. आणि ती कुणापुढे न वाकणारी बाई सरळ म्हणाली की त्या दिवशी तू बरोबर होतीस, चूक त्यांची स्वतःची होती. सगळ्यांदेखत, गं! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. यापुढे नव्या डॉक्टरांचा पहिला धडा तुझ्या पद्धतीने होणार आहे. त्या स्वतःच तुझ्याकडे यायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, आधी मला लिहू द्या, तुम्हाला दारात बघून ती मागच्या दाराने पळेल. तुझी जागा त्यांनी कुणालाही दिलेली नाही. सोमवारी नवी तुकडी सुरू होतेय. मी इथेच नोकरीला लागलेय, म्हणजे तू माझी ज्युनियर, आणि मी तुला यथेच्छ छळणार आहे. फोन न उचलल्याची माफीबिफी मागत बसू नकोस, बॅग भर. बरोबर असलेल्या माणसाने घरी बसून कसं चालेल?

तुझीच,
कटकट