ताईच्या चेहऱ्यावरची फुले

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने चित्रकार, अविवाहित, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि हा कागद मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यात त्यांनी "स्वभाव चिडका" असेही लिहिले होते, ते वकिलांनी खोडायला लावले. मला ते चालले असते. यापूर्वी केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती. हेही रागातच करते आहे, पण या खेपेस राग कोणावर आणि कशासाठी हे मला नीट ठाऊक आहे.

निमित्त असे की माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे भावोजींनी, मला वकिलाची नोटीस धाडली आहे: "आमच्या मालकीच्या फुलांच्या चित्राची जाणूनबुजून नासधूस केल्याबद्दल." त्याचे उत्तर पुढे येईल. आधी घरदार निकालात काढते.

कलम १. माझे राहते घर आणि त्यामागची कामाची खोली माझ्या भाचीला, ताईच्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. तिने ते ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे, माझे काही म्हणणे नाही. एकच गोष्ट: खोलीच्या उत्तरेकडच्या खिडकीला पडदा लावू नये. ऊन आत न येता दिवसभर सारखा प्रकाश देणारी खिडकी मिळावी म्हणून मी अर्धे आयुष्य भाड्याच्या खोल्या बदलल्या. भावोजींचे पडद्याच्या कापडाचे मोठे दुकान आहे. "माप घ्यायला माणूस पाठवतो," असे ते मला दर भेटीत ऐकवत आले. तो माणूस आलाच तर त्याला दारातूनच परत लावावे, मी असो वा नसो.

कलम २. ब्रश, रंगाच्या नळ्या, तेलाच्या बाटल्या आणि कोरे कॅनव्हास मी जिथे शिकवत असे त्या संध्याकाळच्या चित्रवर्गाला द्यावेत. मुलांना सांगावे, पांढरा जपून वापरा.

कलम ३. माझी चित्रे. लोकांची जी व्यक्तिचित्रे माझ्याकडे पडून आहेत ती ज्यांची त्यांना, किंवा त्यांच्या मुलाबाळांना, फुकट द्यावीत. ज्यांनी स्वतःला पाहून तोंड फिरवले आणि चित्र नेलेच नाही त्यांनाही द्यावीत. आता ते म्हातारे झाले असतील, त्यांना पटेल. हनुवटी कमी करा, डोळ्याखालचे काळे पुसा, असे कोणी म्हणाले तर चित्र परत भिंतीकडे तोंड करून ठेवावे.

फुलांची चित्रे भाचीने हवी तशी विकावीत, पण गॅलरीवाल्यामार्फत नव्हे. त्याने वर्षानुवर्षे माझ्या फुलांखाली "मनाला शांत करणारी" अशी पाटी लावली. माझ्या एकाही फुलात शांतता नाही. मी फूल काचेच्या बाटलीत, एकटे, स्टुलावर, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर समोर बसवते. गुच्छ काढत नाही. गर्दीत कोणाचाच चेहरा नीट दिसत नाही. फूल ताजे असते तोवर मी नुसती बघत बसते. मग पाकळीची कड तपकिरी पडते, मान कलते, देठाला मावा लागलेला दिसतो, आणि हे फूल दुसऱ्या कुठल्याही फुलासारखे राहत नाही. तिथून माझे काम सुरू होते. माणसांचेही तेच. पहिल्या बैठकीला प्रत्येक जण आपला आवडता फोटो चेहऱ्यावर चिकटवून येतो. तो गळून पडेपर्यंत मी रेखाटायच्या कोळशाला हात लावत नाही, आणि हसू तर कोणालाच देत नाही.

एका प्रदर्शनात कोणी बाई माझ्या डेलियासमोर उभी राहून म्हणाली, "अगदी प्रसन्न वाटतं!"

"बाई, ते मेलंय," मी म्हणाले.

गॅलरीवाल्याने मला कोपऱ्यात ओढले. "मॅडम, असं नका हो बोलू. लोक फुलं बेडरूममध्ये लावतात."

"आणि चेहरे कुठे लावतात?"

"चेहरे कोण लावतं? अनोळखी माणसाचं तोंड घरात कशाला?"

त्या दिवशी मी त्याच्याशी भांडले नाही. त्याचे मला अजून वाईट वाटते.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. वकील म्हणतात, "बाई, मृत्युपत्रात एवढं लिहीत नाहीत." मी लिहिणार आहे. कोर्टात कोणाला वाचायचे असेल त्याने सगळे वाचावे.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला वाढवले ते ताईने. चाळिशीच्या आत तिच्या तोंडावरून वारे गेले. डावी बाजू लुळी पडली, पापणी धड मिटेना, ओठाचा कोपरा खाली ओघळला. बोलणे जरा जड झाले, बाकी बाई ठणठणीत. भावोजी मात्र ती गेल्यासारखेच वागू लागले. घरी दुकानाची मोठी गिऱ्हाइके येत, तेव्हा तिने आतल्या खोलीत बसायचे. फोटो बंद. त्यानंतरच्या अल्बममध्ये भावोजी आहेत, लहानगी भाची आहे, आणि दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी आहे.

एक दिवस ताई माझ्या कामाच्या खोलीत आली आणि सरळ खुर्चीत बसली.

"काढ माझं."

"कुठल्या बाजूनं?"

"समोरून. फुलांना समोर बसवतेस, मग मला काय धाड भरलीय?"

तो सबंध हिवाळा ती येत राहिली. मी तिला गप्प बसायला सांगायची आणि ती बोलत राहायची. चेहऱ्याची उजवी बाजू तरतरीत, डावी थकलेली, आणि दोन्ही डोळे एकाच माणसाचे, हे जमेपर्यंत मी तिला चित्र दाखवले नाही. दाखवले तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली. "हां," म्हणाली, "ही मी." मग म्हणाली, "माझ्याकडे राहू दे. घरी लावते." ती "राहू दे" म्हणाली होती. ते चित्र मी विकलेले नाही, भेट दिलेले नाही, ठेवायला दिले होते. या वाक्याखाली वकिलांनी रेघ मारली आहे.

तिने ते दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लावले. पुढच्या खेपेस मी गेले तेव्हा तीच चौकट, तेवढेच चित्र, खाली उजवीकडे माझी सही, आणि ताईच्या जागी निळ्या फुलदाणीत गुलाबी गुलाबांचा भलामोठा गुच्छ.

"बघ, खोलीला किती उठाव आला," भावोजी म्हणाले. "पडद्यांशीही जुळतंय. येणाऱ्याजाणाऱ्यांना ते तोंड बघवत नव्हतं गं. सही मात्र तुझीच ठेवलीय. तुझा मान राखलाय."

"ताई कुठाय?"

"आत आहे."

"मी चित्राबद्दल विचारतेय."

"तेच सांगतोय. आतच आहे." आणि ते हसले. आपल्या विनोदावर खूश होऊन, पोट धरून हसले.

टेबलावर फळे कापायची सुरी होती. ती मी उचललेली होती, हे मी नाकारत नाही. ताई आतून आली, तिने माझे मनगट धरले. "घरी जा," म्हणाली. "माझ्यासाठी जा. आणि लेकीला यातलं काही सांगू नकोस."

मी तसा शब्द दिला आणि गेले. त्यानंतर चार वर्षे ताई जगली, त्या फुलांखाली बसून पाहुण्यांना चहा देत. तेवढ्यापुरती आता बाहेर यायची परवानगी मिळाली होती, कारण खोली सुंदर झाली होती. ती गेली तेव्हा भाची सात वर्षांची होती.

गुलाब कोणी काढले हे मी बघताक्षणी ओळखले होते. पाकळीचा तो एका फटक्यात मारलेला वळसा माझ्या वर्गमित्राचा, ज्याला आम्ही बोका म्हणायचो. त्या दिवसापासून त्याचे नाव मी टाकले.

कलम ५. गेल्या वर्षी भावोजींच्या घराचे छत गळले आणि चित्राला बुरशी धरली. त्यांनी ते भाचीबरोबर माझ्याकडे पाठवले. आता तिने चाळिशी ओलांडली आहे, शाळेत गणित शिकवते. म्हणाली, "मावशी, बाबांनी सांगितलंय, फुलं जरा ताजी करून दे. आणि सही पुन्हा ठळक कर. विकत घ्यायला कोणीतरी आलंय."

तिला खाली काय आहे ते माहीत नव्हते. ताईला मी दिलेल्या शब्दापायी मी कधी बोलले नव्हते. आता मी सांगितले. ती स्टुलावर बसली.

"मला आईचा आवाज आठवतो," ती म्हणाली. "चेहरा आठवायला गेले की ही फुलंच येतात समोर."

"काढू?"

"काढ."

मला खात्री होती की चेहरा वाचलेला नसेल. तेलरंगावर तेलरंग चढवायचा तर आधी खालचा भाग घासून खरखरीत करतात. बोक्याने पॉलिश पेपर मारला असणार, ताईचा ओठ गेला असणार. खिडकी उघडून, काडीला कापूस गुंडाळून, तो टर्पेंटाइनमध्ये बुडवून, मी कडेचा एक गुलाब पुसून पाहिला. तो लगेच सुटला. खाली वार्निशचा जाड थर होता, आणि त्या थराखाली ताईचा कान, मी रंगवला होता तसाच. पुढचा गुलाब सुटला. मग पुढचा. कोणीतरी आधी चेहऱ्यावर वार्निश देऊन, ते पुरते वाळू देऊन, वर सहज निघेल असा रंग लावला होता. हे चुकून होत नाही.

मी तशीच उठून बोक्याच्या घरी गेले. दार त्यानेच उघडले. हातात काठी होती.

"तू वार्निश दिलं होतंस," मी म्हणाले.

"आलीस एकदाची."

"का?"

"मी नाही म्हटलं असतं तर दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्याला बोलावणार होते ते. त्यानं आधी सगळं घासून काढलं असतं." तो दाराला टेकला. "आणि ताईंनी सांगितलं. ते जरा आत गेले तेव्हा म्हणाल्या, निघतील अशी काढ. पण धाकटीला बोलू नकोस. ती आजच्या आज येऊन खरवडेल, आणि मागं या घरात राहायचं मला आहे."

"ताई गेल्यावर तरी सांगायचंस."

"तू फोन उचललास कधी?"

"माझं घर माहीत होतं तुला."

"होतं," तो म्हणाला. "तुझ्या रागाला भ्यायलो."

एक मुलगी आईच्या चेहऱ्याशिवाय लहानाची मोठी झाली, कारण हा गृहस्थ माझ्या रागाला भ्यायला. चित्र उभे करायचे माझे मोठे ईझल त्याला द्यावे. त्याचे खांदे दुखतात, त्याला वरखाली होणारे ईझल लागते. ही माफी नव्हे. शिवाय ते गुलाब त्याने अत्यंत वाईट काढले होते.

ताईवरही मी रागावले आहे. चार वर्षे ती त्या फुलांखाली बसली, आपण खाली शाबूत आहोत हे ठाऊक असून बसली, आणि मला एका शब्दाने बोलली नाही. हा राग मी कोणाच्या नावे करत नाही. तो माझ्याजवळ राहील.

कलम ६. भावोजींसाठी. चित्र परत आले नाही तेव्हा त्यांनी फोन केला.

"फुलं झाली का?"

"गळाली, भावोजी."

"म्हणजे?"

"म्हणजे ताई बाहेर आली."

ते म्हणाले, "तू माझी वस्तू बिघडवलीस. ती फुलं माझी होती."

हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. फुले त्यांनीच काढवून घेतली होती, ती त्यांच्याच मालकीची. पुसून काढलेला गुलाबी, हिरवा आणि निळा कापूस मी काचेच्या मोठ्या बरणीत भरून, झाकण घट्ट लावून ठेवला आहे. ती बरणी त्यांना पोचती करावी आणि पोच घ्यावी. याखेरीज माझ्या मालमत्तेत त्यांचा काडीचाही हक्क नाही.

कलम ७. माझ्या अंत्ययात्रेला कोणी गुच्छ आणू नये. आणायचेच असेल तर एक फूल आणावे, आणि ठेवण्याआधी त्याच्याकडे नीट बघावे.

कलम ८. ताईचे व्यक्तिचित्र भाचीचे. ते तिने कुठे लावावे, लावावे की नाही, हे दुसऱ्या कोणी सांगू नये. माझी सही मी त्यावरून पुसली आहे आणि आता पाठीमागे केली आहे, कारण पुढच्या सहीखाली बरीच वर्षे दुसऱ्याचे काम होते.

चेहरा पुरता मोकळा झाला त्या दिवशी मी भाचीला बोलावले. ती बूट न काढता तशीच आत आली आणि ईझलसमोर उभी राहिली.

"हसतेय का ती?"

"नाही. मी हसू देत नाही कोणाला. तिचा ओठ तसाच होता."

ती जवळ गेली. उजवी बाजू तिने तळहाताने झाकली. ओघळलेला ओठ, अर्धी उघडी पापणी, तेवढेच उरले. मला वाटले आता ती तोंड फिरवेल.

"मावशी," ती म्हणाली, "ही बाजू मला ओळखू येतेय. आई मला याच कुशीला घेऊन झोपायची. मला रोज हाच गाल दिसायचा."

वरील सर्व मजकूर मी वाचला, वकिलांना वाचून दाखवला, त्यांनी सुचवलेली काटछाट अमान्य केली, आणि दोन साक्षीदारांच्या समोर सही केली. त्या दोघांनीही माझ्यादेखत सह्या केल्या. मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी.

सही: चित्रकार, उत्तरेच्या खिडकीच्या घरातली

साक्षीदार १: शेजारी राहणाऱ्या दातांच्या डॉक्टर
साक्षीदार २: कोपऱ्यावरचे फ्रेमवाले

स्थळ: कामाची खोली
दिनांक: नऊ मार्च, सकाळी, चांगल्या उजेडात