हरकतवाल्या आजी

प्रिय धाकटे,

तुझी खुशाली फोनवर कळते, पण फोनवर तुझी लेक मध्ये बोलते, नात मध्ये बोलते आणि आपल्या दोघींच्या वाट्याला ‘जेवलीस का’ एवढंच उरतं. म्हणून कागद घेतला. अक्षर अजून मुंग्या चालल्यासारखंच आहे, हसू नकोस. मला शाळेत कोणी घातलं नाही, मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले. पण पुड्यांवर सरकारी भाषा नसते गं, तिथंच घोटाळा झाला.

आपली गल्ली एकदाची फरसबंद होणार. नगरपालिकेनं विजेच्या खांबावर नोटीस लावली होती, की काम घेत आहोत, हरकत असल्यास लेखी कळवावी. मला वाटलं, एवढं विचारताहेत तर उत्तर द्यायला नको का? हल्ली कोणी काही विचारलं की बरं वाटतं. ‘आमची काहीच हरकत नाही, उलट लवकर करा,’ असं लिहून सही केली आणि त्यांच्या पेटीत टाकून आले. ती पेटी हरकतींची! आख्ख्या गल्लीतून तिच्यात कागद पडला तो माझा एकटीचा. कारकुनानं आत काय लिहिलंय ते न बघता नोंद करून टाकली, हरकत आली. आता हरकत आली म्हणजे सुनावणी आलीच, आणि ती होईपर्यंत काम बंद.

माझं नाव फुटायला कितीसा वेळ लागणार? इस्त्रीवाल्याच्या गाडीचं चाक रोज त्याच खड्ड्यात रुततं, त्यामुळे तो सगळ्यात आधी तापला. त्यानंच माझं नाव ‘हरकतवाल्या आजी’ ठेवलं. मी म्हटलं, अरे बाबा, मी ‘नाही’ लिहिलंय. तर म्हणतो, नाही लिहिलंत म्हणूनच तर अडलंय. शेजारची शिंपीण मला बघून पदर सारखा करत पुढं जायला लागली. नळावरही माझ्यापुढं कोणी बोलेना.

तशी मी ठीक आहे, काळजी करू नकोस. गुडघा दुखतो, पण तो आधीपासूनच. संध्याकाळी आपल्या नेहमीच्या वेळेला पायरीवर बसते. समोर तुझी पायरी, तिच्यामागं तुझं कुलूप. दोघी आपापल्या पायरीवर बसून मटार सोलत गल्लीच्या या काठावरून त्या काठावर किती भांडायचो! लोक खाली मान घालून मधून जायचे. आता दिवसभर बोलायला कोणी नसलं की गळाच बसतो. परवा वाण्याकडे साबण मागितला तर पहिला शब्द घोगराच निघाला. त्याला वाटलं, मला सर्दी झालीय. मी पण ‘हो’ म्हटलं.

तर सुनावणी. नगरपालिकेच्या मोठ्या खोलीत सभापतीबाई बसलेल्या, शेजारी इंजिनिअर, मागं आपली सगळी गल्ली माझ्यावर डोळे वटारून. सभापतीबाईंनी माझा कागद मोठ्यानं वाचला आणि वाचता वाचता त्यांनाच हसू फुटलं. मग सगळी खोली हसली, मीही हसले. शिंपिणीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, सुटले बाई.

मग इंजिनिअरनं नकाशा टेबलावर पसरून सगळ्यांना बघायला बोलावलं. रस्ता उंच होणार, पायऱ्या आड येतात. जिथं माणसं राहतात तिथली पायरी ठेवून फरशीला उतार देणार. बंद घरांच्या पायऱ्या काढून टाकणार. बंद घर एकच होतं. तुझ्या पायरीवर लाल फुली मारलेली. भावजींनी मुद्दाम रुंद बांधून घेतलेली पायरी ती! माझ्या तोंडातून निघून गेलं, “ते घर बंद नाही.”

तो म्हणाला, “कोण राहतं तिथं?”

“माझी जाऊ राहते. लेकीकडे गेलीय.”

तू पलंगासकट सामान नेलंस ते सगळ्या गल्लीनं बघितलंय. खोटं बोलले, तेही भर सभेत. सभापतीबाईंनी मागं बघून इतरांना विचारलं, खरं का हे? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी इस्त्रीवाला खाकरला. म्हणाला, “राहतात की. कपडे येतात त्यांचे माझ्याकडे.” शिंपीण म्हणाली, “आणि भांडतात किती!” झालं, गल्लीनं तुला राहती करून टाकलं.

पण इंजिनिअर वस्ताद आहे. म्हणाला, पुढच्या सोमवारी मी स्वतः येऊन बघेन, मगच फुली खोडेन. तुझी किल्ली माझ्याकडेच आहे. काल दार उघडून झाडून घेतलं, जाळी काढली, खिडकीत माझं एक लुगडं वाळत टाकलं. दाराबाहेर चपला ठेवल्या, त्याही माझ्याच. इस्त्रीवाल्यानं येऊन बघितलं आणि म्हणाला, आजी, सगळं जमलं, आता माणूस तेवढं हवं. तो गेल्यावर मी तुझ्या पायरीवर बसून बघितलं. तिथून माझी पायरी दिसते. मी तिच्यावर बसलेली कशी दिसत असेन, ते पहिल्यांदाच कळलं. इंजिनिअरला दाखवायला चार दिवस येऊन जा, एवढंच लिहायचं म्हणून कागद घेतला होता. पण चार दिवसांचं काय करू गं मी? लेक रागावेल, नात रडेल, मला सगळं कळतं. तरी विचारते. राहायलाच ये.

तुझीच,
थोरली